ठिसूळ दगडाला राळ किती पाजायची?

बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळसा खाणीत १८७८ साली, जमिनीखाली ३२२ मीटरवर, कामगारांना हाडं लागली. इग्वानोडॉन या डायनोसॉरचे तिसाहून जास्त सांगाडे, त्यातले बरेचसे जवळजवळ पूर्ण. जीवाश्मांच्या इतिहासात या शोधाला मोठं स्थान आहे. संवर्धन करणाऱ्यांच्या दृष्टीनं मात्र या हाडांची खरी गोष्ट ती वर आल्यावर सुरू होते. ओल्या चिकणमातीत, हवेपासून दूर, कोट्यवधी वर्षं शाबूत राहिलेली हाडं हवा लागताच तडकू लागली आणि त्यांच्यावर फिकट भुकटी धरू लागली. हाडांच्या पोकळ्यांमध्ये पायराइट म्हणजे लोहाचं सल्फाइड साचलेलं होतं. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. सल्फेटला पायराइटपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून हाड आतून फुटतं. आम्ल हाड खातं, खालचा पुठ्ठा खातं आणि शेजारची चिठ्ठीही खातं.

ब्रुसेल्सच्या संग्रहालयातल्या मंडळींनी तेव्हा जे हाताशी होतं ते वापरलं. दिसेल तेवढं पायराइट खरवडून काढलं, उकळत्या जिलेटिनमध्ये लवंगेचं तेल घालून ते हाडांना पाजलं, वर सरस चढवला, त्यावर कथलाचा पातळ पत्रा बसवला आणि फुटलेल्या जागा कागदाच्या लगद्यानं भरल्या. काम मन लावून केलं होतं, पण त्यानं ओल आतच कोंडली. बाहेरून ठणठणीत दिसणारी हाडं आतून कुजत राहिली. पन्नासेक वर्षांनी, १९३२ मध्ये, संचालक व्हिक्टर फान स्ट्रालेन यांनी सगळं पुन्हा करायचं ठरवलं. डिसेंबर १९३५ ते ऑगस्ट १९३६ या काळात अल्कोहोल, आर्सेनिक आणि तब्बल ३९० किलो चपडा लाख या सांगाड्यांनी पचवली. अल्कोहोलनं आत शिरायचं, आर्सेनिकनं बुरशी रोखायची, लाखेनं घट्टपणा द्यायचा असा हिशेब होता. त्या काळी जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातल्या जंगलांतून जात असे. तेव्हा पळस-कुसुमाच्या फांद्यांवरचा आपल्याकडचा कीटक बेल्जियमच्या डायनोसॉरच्या बरगड्यांत जाऊन बसला असण्याचा संभव बराच आहे. ती लाखही २००३ ते २००७ या काळात काढावी लागली. सोबत जुना सरस आणि जिलेटिनही काढलं आणि त्या जागी पॉलिव्हिनाइल अॅसिटेट मुरवून सांधे सायनोअॅक्रिलेट व इपॉक्सीनं जोडले.

सव्वाशे वर्षांत तीन उपचार, आणि शेवटच्या वेळी आधीचे दोन्ही उपचार काढण्याचे कष्ट. ठिसूळ जीवाश्म आणि खनिजं राळेनं घट्ट करण्याच्या साऱ्या शास्त्राकडे मी याच बाजूनं पाहतो. राळ किती मजबूत आहे हे कोणीही नखानं खरवडून सांगेल. ती किती खोल जाते, किती वर्षं आहे तशी राहते आणि नको झाली तर बाहेर कशी येते, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. यांत चौथा प्रश्न आपल्यासारख्यांनी स्वतःहून घालायला हवा, कारण तो बाहेरच्या पुस्तकांत तळटीपेपुरताच असतो: ती राळ कोणत्या हवेत राहणार आहे?

जुन्या साहित्याबद्दल थोडंसं. उत्खननात हाड उचलण्यासाठी लागणारा आधार आणि हाडाच्या आत मुरवायचा पदार्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण इतिहासात त्या एकत्रच वाढल्या. चार्ल्स स्टर्नबर्गनं १८७६ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोपच्या मोहिमेत, मोंटानामध्ये, तांदूळ शिजवून त्याची दाट खळ केली आणि तीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या हाडांभोवती गुंडाळल्या. पुढे खळीची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसनं घेतली. आजही मोठं हाड गोणपाट आणि प्लास्टरच्या कवचातच प्रवास करतं. आत मुरवायला सरस, डिंक, मेण आणि लाख हे चार पदार्थ होते. आपले सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये चपडा भिजवतात, तेच मिश्रण जगभरच्या संग्रहालयांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाडांना लागत होतं. ताजी लाख उत्तम मुरते. पण वय झालं की तिचे रेणू एकमेकांत गुंततात, ती काळवंडते, ठिसूळ होते आणि ज्या स्पिरिटमध्ये विरघळली होती त्यालाच दाद देईनाशी होते.

यानंतर कारखान्यातल्या राळा आल्या: ग्लिप्टल, अल्व्हार, बेडाक्रिल. प्रत्येकीचं स्वागत झालं आणि बहुतेकींची पुढे निराशा झाली. विद्राव्य नायलॉनची हकिगत मला यांत सर्वांत बोलकी वाटते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेला हा पदार्थ नाजूक पृष्ठभागांवर इतका छान बसे, चमक न आणता भुकटी धरून ठेवी, की हाड, मडकं, रंग, कागद, जे दिसेल त्यावर तो लावला गेला. काही वर्षांत तो विरघळेनासा झाला, आकसू लागला आणि जाताना खालचा पृष्ठभागही सोलून नेऊ लागला. १९८१ मध्ये कॅथरीन सीज यांनी त्याच्याविरुद्ध सविस्तर लेख लिहिला, तोवर हजारो वस्तूंवर तो बसलेला होता. नावातच ‘विद्राव्य’ असलेला पदार्थ अविद्राव्य निघाला.

असल्या अनुभवांमुळे पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमधल्या रॉबर्ट फेलर यांच्या कामाला वजन आलं. त्यांनी राळांना प्रखर प्रकाशाखाली ठेवून लवकर म्हातारं केलं आणि त्यांची प्रतवारी लावली. ‘अ’ वर्ग म्हणजे शंभर वर्षांहून जास्त टिकेल आणि तोवर विरघळत राहील असा. ‘ब’ वीस ते शंभर वर्षांचा. ‘क’ वीसच्या आतला. एक ब्युटाइल मेथाक्रिलेट राळ, जी तोवर भरवशाची मानली जात होती, ती प्रकाशात गुंतत जाऊन घट्ट होते हे त्यांच्याच चाचण्यांत दिसलं. आणि ‘अ’ वर्गात जी ठामपणे बसली ती पॅरालॉइड बी-७२: इथाइल मेथाक्रिलेट आणि मिथाइल अॅक्रिलेट यांचा सहबहुवारिक, रोम अँड हास कंपनीचा, मुळात शाई आणि रंगलेपांसाठी केलेला. पारदर्शक दाण्यांच्या रूपात मिळतो, अॅसिटोनमध्ये विरघळतो, पिवळा पडत नाही. आज जगात कुठल्याही जीवाश्म प्रयोगशाळेत कपाट उघडलं तर याची बरणी असतेच. अमेरिकेतल्या प्रेपरेटर, म्हणजे जीवाश्म साफ करून घट्ट करणाऱ्या मंडळींची बुटव्हार बी-७६ वरही भक्ती आहे. ती पॉलिव्हिनाइल ब्युटिराल. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये असते त्याच कुळातली.

बी-७२ चांगली आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ती वाईट लावता येते हे कमी जणांना. हाड घट्ट करायचं तर द्रावण पातळ हवं, दोन ते पाच टक्के. चाळीस-पन्नास टक्क्यांचं घट्ट द्रावण गोंद म्हणून तुकडे जोडण्यासाठी असतं. (तीच राळ गोंद म्हणूनही चालते हे स्टीफन कूब यांनी १९८६ मध्ये नीट मांडलं, द्रावणात किंचितशी सिलिकाची अतिसूक्ष्म पूड घातली तर ते हाताळायला सोपं होतं, हेही त्यांचंच.) घाईत असणारा माणूस घट्ट द्रावण ब्रशनं वर फासतो. त्याची कातडी होते, आतला भुसभुशीतपणा तसाच राहतो आणि एक दिवस ती कातडी हाडाचा पापुद्रा घेऊन सुटते. बरोबर रीत अशी की आधी निव्वळ अॅसिटोननं हाड ओलं करायचं, मग ड्रॉपरनं थेंब थेंब पातळ द्रावण सोडत राहायचं, मधे वाळू द्यायचं नाही, आणि बुडबुडे यायचे थांबले की मगच थांबायचं. त्यानंतरची सावधगिरी पुष्कळांना ठाऊक नसते. अॅसिटोन भराभर उडतं आणि उडताना आत गेलेली राळ पुन्हा पृष्ठभागाकडे ओढून आणतं. म्हणून नमुना पॉलिथीनखाली झाकून हळूहळू वाळवायचा. वर चमक राहिलीच तर अॅसिटोनच्या बोळ्यानं टिपून घ्यायची. यात एक दिवस जाऊ शकतो, एक आठवडाही. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं हाडाला हात न लावलेलाच बरा.

धीर नसणाऱ्यांसाठी बाजारात वेगळी राळ आहेच. वाळून घट्ट होणाऱ्या राळा आणि रासायनिक क्रियेनं घट्ट होणाऱ्या राळा, अशी मोठी फाळणी या क्षेत्रात आहे. पहिल्या पुन्हा विरघळतात, दुसऱ्या साधारणपणे नाही. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं फेविक्विक, या दुसऱ्या गटातलं. पाण्यासारखं पातळ, बारीक भेगेत आपोआप शिरतं, क्षणात धरतं. रणरणत्या उन्हात खडकावर बसून तडकणारं हाड सावरणाऱ्याला त्याचा मोह का होतो हे मी समजू शकतो. जगभरच्या व्यापारी उत्खननांत तर ते लिटरच्या हिशेबात ओततात. पण ते दीर्घकाळ कसं वागेल याचा भरवसा कमी, अल्कधर्मी वातावरणात त्याची साखळी तुटू शकते, आणि काढायचं तर वेळ आणि त्रास दोन्ही. अॅराल्डाइटसारखी इपॉक्सी पिवळी पडते आणि फारतर फुगते, विरघळत नाही. पांढरं फेविकॉल हे पाण्यातलं पॉलिव्हिनाइल अॅसिटेट. ते सुतारकामाला झकास आहे. पण वाळल्यावर पूर्ण परत विरघळत नाही आणि काळाच्या ओघात अॅसेटिक आम्लाची वाफ सोडतं, जी चुन्याच्या शिंपल्यांना आणि हाडांना मुळीच मानवत नाही. बर्निसारच्या हाडांत २००७ नंतरही सायनोअॅक्रिलेट आणि इपॉक्सी आहे हे विसरून मी बोलत नाही. मोठ्या, जड, फुटलेल्या हाडाचा भार पेलायला कधी कधी तेच लागतं.

आणि काही ठिकाणी न विरघळणारी राळच नमुन्याचा जीव वाचवते. जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या मेसेल खाणीतला पत्रीदार तेलखडक याचं उदाहरण. त्यात सुमारे ४० टक्के पाणी असतं. वाळला की पापुद्रे सुटतात आणि त्यासोबत सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे घोडे, वटवाघळं, मासेही. म्हणून तिथं जीवाश्माची एक बाजू साफ करून तिच्यावर राळ ओततात, ती घट्ट झाली की पालथं करून दुसऱ्या बाजूचा सगळा खडक काढून टाकतात. जीवाश्म खडकातून राळेत स्थलांतरित होतो. चुनखडकातले नमुने आम्लानं मोकळे करताना अशीच पद्धत हॅरी टूम्ब्स आणि आर्थर रिक्सन यांनी लंडनमध्ये १९५० मध्ये मांडली होती. मेसेलमधलाच ‘इडा’ हा आद्य वानरगणातला सांगाडा १९८३ मध्ये दोन पाट्यांत फुटून निघाला. एक पाटी पुढे ऑस्लोच्या संग्रहालयानं घेतली आणि २००९ मध्ये डार्विनिअस या नावानं ती जगभर गाजली. दुसरी पाटी अमेरिकेत वायोमिंगला गेली होती. तिचा काही भाग कोणीतरी बनवून जोडलेला निघाला, नमुना जास्त पूर्ण दिसावा म्हणून. राळेत हाड, खडक आणि बनवलेला भाग हे सगळं सारख्याच गुळगुळीतपणे बसतं, ही त्या पद्धतीची दुखरी बाजू.

आता खनिजांकडे. जीवाश्म ठिसूळ असतो तो बहुतेक वेळा फुटल्यामुळे. खनिज पुष्कळदा ठिसूळ होतं ते बदलल्यामुळे. या बदलापुढे राळ बऱ्याचदा निरुपयोगी ठरते. रिअलगार, म्हणजे मनशीळ, उजेडात पिवळ्या भुकटीत बदलतो. त्याला लेप नको, अंधार हवा. मोरचूद कोरड्या हवेत पाणी सोडून फिका पडतो, सैंधवाचे खडे दमट हवेत पाझरतात. पायराइटला वाटेल तेवढी राळ पाजा, तिच्यातून प्राणवायू आणि पाण्याची वाफ आत जातच राहते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचा क्षय जोर धरतो. एके काळी हा जिवाणूंचा रोग समजून त्याला जंतुनाशकं लावली जात; संग्रहालयातल्या आर्द्रतेला ते जिवाणू जगूच शकत नाहीत हे पुढे स्पष्ट झालं. तयार झालेलं आम्ल अमोनियाच्या वाफेनं किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेटनं निष्प्रभ करायचं, मग हवाबंद पेटीत सिलिका जेलसह ठेवायचं, हा आजचा उपचार. मुंबईच्या जुलैमध्ये उघड्या काचकपाटातलं पायराइट आज ना उद्या ढासळणारच.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातले झिओलाइट मात्र या विषयाच्या अगदी मध्यभागी येतात. पुणे, नाशिक, जळगाव, संभाजीनगर भागांतल्या खडीच्या खाणींमधून आलेले नमुने जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत आहेत; इथं पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. यांतला लॉमोंटाइट हा राळ मुरवण्याचा जुना उमेदवार. खाणीतून ताजा निघतो तेव्हा काचेसारखा पारदर्शक असतो. हवेत राहिला की स्फटिकातलं काही पाणी निघून जातं, तो खडूसारखा पांढरा होतो आणि बोट लावताच भुकटी होतो. पाणी परत दिलं तर रचना ते परत घेते, पण तडकलेला स्फटिक जुळून येत नाही. म्हणून जाणकार तो ओलाच ठेवतात आणि वाळण्याआधी राळ मुरवतात. त्यानंही पाणी जाणं थांबत नाही, मंदावतं. राळ फक्त कण धरून ठेवते. पांढरा, पण उभा स्फटिक मिळतो. ओकेनाइटच्या बाबतीत तेवढंही नाही. कापसाच्या बोंडासारखे त्याचे तंतूंचे गोळे असतात आणि राळेचा एक थेंब पडला की तंतू कायमचे चिकटून बसतात. त्याला धुळीपासून वाचवायला झाकण असलेली डबी हाच उपाय, आणि तो पुरेसा आहे.

खनिजांच्या बाजूला बाजाराचा वास असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. फिरोजा इतका सच्छिद्र असतो की बाजारातला बराचसा माल राळ पाजूनच कापून घासण्याजोगा होतो. पाचूच्या भेगांत देवदार तेल घालण्याची रीत फार जुनी आहे. आता ऑप्टिकॉनसारखी राळ घालतात. जेडला आधी आम्लात धुऊन मग पॉलिमर मुरवतात आणि त्याला व्यापारात ‘बी’ जेड म्हणतात. हे सगळं सांगून विकलं तर व्यवहार, न सांगता विकलं तर फसवणूक. वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटच्या गुच्छांकडेही परदेशी संग्राहक भिंग लावून पाहतात, कारण सुटलेला गुच्छ चांगल्या स्टिल्बाइटवर परत चिकटवणं अवघड नाही. अतिनील दिव्याखाली बरेच गोंद चमकतात. अॅसिटोनचा बोळा फिरवला तर उरलेलं बरंच कळतं. संवर्धक आणि व्यापारी एकच बाटली वापरतात. फरक नोंदवहीत असतो.

नोंदीचं महत्त्व शास्त्रालाही तेवढंच आहे, आणि इथं राळेची खरी किंमत मोजावी लागते. काही हजार वर्षांच्या हाडाचं वय कार्बन-१४ नं काढायचं असेल तर आत मुरलेली कोणतीही राळ घोटाळा करते. खनिज तेलापासून केलेल्या राळेत कार्बन-१४ नसतोच, म्हणून हाड आहे त्याहून जुनं दिसतं. लाख किंवा सरस ताजा, म्हणून ते तरुण दिसतं. सरसाची तर दुहेरी आफत, कारण तो स्वतःच जनावराच्या कोलॅजनचा, आणि प्रयोगशाळा हाडातून कोलॅजनच शोधत असते. डायनोसॉरना हा प्रश्न नाही, पण त्यांच्या बाबतीत पुढे काय विचारलं जाईल हे कोणी सांगावं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची डायनोसॉरची हाडं आणि विष्ठाश्म एकोणिसाव्या शतकापासून गोळा होत आहेत. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी या भागात फिरत होते तेव्हा दगड झालेल्या शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधायचे असतात हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. २००५ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत नेमके तेच सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे सिद्ध झालं. म्हणून दर नमुन्याचा एक तुकडा बिनराळेचा, वेगळ्या डबीत ठेवण्याची शिस्त हवी.

आता तो चौथा प्रश्न. बी-७२ काचेसारखा कडकपणा सोडून मऊ होऊ लागते ते तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस. लंडन किंवा पिट्सबर्गच्या वातानुकूलित दालनात हा आकडा कोणाला आठवायचं कारण नाही. चंद्रपूर आणि नागपूरला मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ ओलांडतं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. त्यात द्रावणातलं अॅसिटोन पूर्ण उडायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर राळ ४० च्याही खाली मऊ असते. जोडलेल्या जड हाडाचा सांधा मग हळूहळू घसरतो, आणि मऊ झालेल्या पृष्ठभागावर वैशाखातली धूळ कायमची रुतते. पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचं हे तापमान तर त्याहून कमी, तिशीच्या आसपास. पावसाळ्याचा त्रास उलटा: अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि राळ दुधासारखी पांढरी होते. खणताना हाडच ओलं असेल तर अॅसिटोनचं द्रावण चालतच नाही; तिथं पाण्यात मिसळलेल्या अॅक्रिलिक राळेकडे वळावं लागतं, जी परत काढणं अवघड.

यावर मार्ग आहेत. त्याच कुळातली पॅरालॉइड बी-४४ सुमारे ६० अंशांपर्यंत आणि बी-४८एन ५० पर्यंत कडक राहते. उष्ण देशांतल्या पुरातत्त्वीय कामांत बी-७२ मध्ये बी-४८एन मिसळून सांधे जोडले गेले आहेत. बुटव्हार बी-७६ साठीनंतरच मऊ होते, म्हणून आपल्या विदर्भाला ती जास्त मानवेल असं माझं मत आहे. कण घट्ट करायला बी-७२, पण भार पेलणाऱ्या सांध्याला दुसरं काही, अशी विभागणीही शहाणपणाची. गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथून प्राणहितेपलीकडे, आताच्या तेलंगणातल्या पोचमपल्लीत, बारापासॉरसची हाडं १९५८ नंतरच्या काही वर्षांत निघाली आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांचा सांगाडा उभा राहिला. या पट्ट्यात पुढेही हाडं निघणार. त्यांना कोणती राळ मानवते हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही: खाटकाकडची साफ केलेली म्हशीची हाडं, चार प्रकारच्या राळा, एक पत्र्याची शेड, भिंतीवर कमाल-किमान तापमापक आणि आर्द्रतामापक, आणि दर पंधरवड्याला सांध्यांचं मोजमाप लिहिणारा एक माणूस, मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.